पुन्हा उघड्या पंख्याकडे

मुंबई-दिल्ली मार्गावर रोज दिसणारं एअरबस ए३२० जातीचं विमान हवेत असताना ताशी अडीच टनांच्या आसपास इंधन जाळतं. भारतीय विमानकंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात असल्याचं सांगितलं जातं, आणि जळलेल्या प्रत्येक किलोमागे तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे इंधन वाचवण्यात कंपनीचा नफा, प्रवाशाचं तिकीट आणि पृथ्वीचं हवामान या तिघांचंही भलं आहे. एवढं असूनही इंधन लक्षणीय प्रमाणात वाचवणारा एक उपाय चाळीस वर्षांपूर्वी प्रत्यक्ष उडवून दाखवला गेला आणि नंतर बासनात बांधून ठेवला गेला. इंजिनाच्या पंख्याभोवतीचं आवरण काढून टाकायचं आणि पंखा हवा तेवढा मोठा करायचा, असा तो उपाय. आता तो पुन्हा पुढे आला आहे. मध्यम पल्ल्याच्या विमानांसाठी आज डोळ्यांसमोर असलेल्या पर्यायांत तोच सर्वांत भरवशाचा आहे, असं मला वाटतं. तो या वेळी टिकेल की नाही, हे मात्र विज्ञानाइतकंच तेलाच्या भावावर आणि धोरणावर अवलंबून राहील.

हवा मागे फेकली की विमान पुढे रेटलं जातं. न्यूटनचा हा नियम प्रोपेलरला लागू आहे तसाच जेट इंजिनालाही. प्रश्न फक्त किती हवा आणि किती जोराने फेकायची, एवढाच. थोडी हवा प्रचंड वेगाने फेकली काय किंवा भरपूर हवा बेताच्या वेगाने फेकली काय, रेटा सारखाच मिळू शकतो. खर्च मात्र सारखा येत नाही. हवेला दिलेला वेग वाढवला की रेटा त्याच प्रमाणात वाढतो, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून चौपट हवेला पाव वेग दिला तर रेटा तेवढाच राहतो आणि मागे सुटलेल्या वाऱ्यात वाया जाणारी ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. होडी वल्हवणाऱ्याच्या हातांना हे गणित पाठ असतं: बारीक काठीने सपासप पाणी मारण्यापेक्षा रुंद वल्ह्याने ते सावकाश लोटलं की कमी दमात होडी पुढे सरकते. आकड्यांत सांगायचं तर, विमानाच्या वेगाच्या दुप्पट वेगाने झोत सोडणाऱ्या इंजिनाची रेटण्याची कार्यक्षमता आदर्श स्थितीतही ६७ टक्क्यांच्या पुढे जात नाही; झोत सव्वापट वेगाचा ठेवला तर हीच मर्यादा ८९ टक्क्यांवर जाते.

जेट इंजिनाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे या एका नियमाकडे केलेली वाटचाल आहे. सुरुवातीच्या जेट इंजिनांत आत शिरलेली सगळी हवा ज्वलनकक्षातून जायची आणि किंचाळत मागून बाहेर पडायची. पुढे इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा आला. त्याने ओढलेल्या हवेचा काही भागच गाभ्यात जाऊन इंधनासोबत जळतो. बाकीची हवा गाभ्याला वळसा घालून सरळ मागे जाते आणि रेट्याचा मोठा वाटा तीच उचलते. इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-२०० विमानांच्या इंजिनांत गाभ्यातली हवा आणि वळशाची हवा जवळपास सारखी असायची. नंतरच्या सीएफएम ५६ इंजिनांत वळशाची हवा पाच-सहा पट झाली, आजच्या लीप इंजिनांत अकरा पट आणि प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअरवाल्या इंजिनात बारा पट. दर पिढीला पंखा रुंदावला, झोत मंदावला आणि इंधन कमी लागू लागलं. ए३२० निओ विमानं २०१६मध्ये सेवेत आली तेव्हा आधीच्या विमानांपेक्षा सुमारे १५ टक्के बचतीची हमी दिली गेली, तिच्यात या रुंद पंख्यांचा मोठा हात होता.

बचतीचा दुसराही एक मार्ग आहे: गाभा जास्त तापवायचा आणि त्यातला दाब वाढवायचा. उष्णतेचं यांत्रिक शक्तीत रूपांतर करणारं कोणतंही यंत्र जितकं तापमान वाढेल तितकं काटकसरी होतं. हाही मार्ग अभियंत्यांनी फार दूरपर्यंत चालून पाहिला आहे. आजच्या टर्बाइनची पाती ज्या वायूत फिरतात, तो त्यांच्या मिश्रधातूच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असतो. पात्यांत कोरलेल्या सूक्ष्म छिद्रांतून खेळवलेली थंड हवा आणि वरचा सिरॅमिकचा लेप यांच्या जोरावरच ती तग धरतात. इथे आणखी चढत जाण्याची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते, आणि भारताला तो हिशेब चांगला माहीत आहे. मे २०२३मध्ये गो फर्स्ट या विमानकंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कंपनीने बोट दाखवलं ते प्रॅट अँड व्हिटनीच्या, सारख्या दुरुस्तीला जाणाऱ्या इंजिनांकडे. त्यानंतर दोनच महिन्यांत याच इंजिनांच्या टर्बाइनच्या तबकड्या ज्या धातूच्या भुकटीतून बनतात, तीत अशुद्धी सापडल्याचं जाहीर झालं आणि जगभर शेकडो विमानं तपासणीसाठी जमिनीवर आली; इंडिगोचीही कित्येक विमानं उभी राहिली. मात्र या इंजिनातली सर्वांत नवी गोष्ट म्हणजे पंख्याला टर्बाइनपेक्षा सुमारे तीनपट हळू फिरवणारा गिअर. या तपासणीचं कारण तो नव्हता. ते गाभ्याच्या तप्त भागातल्या तबकड्यांत होतं. यातून एक गोष्ट दिसते. गाभ्यावरचा ताण वाढवत नेणं हा महाग मार्ग झाला आहे. हवा कशी फेकायची, या मार्गावर मात्र अजून बरीच जागा शिल्लक आहे.

मग पंखा नुसता वाढवतच का नेऊ नये? कारण त्याच्याभोवती आवरण आहे. पंख्याचा व्यास वाढला की आवरणाचा घेर, वजन आणि हवेला होणारा अडथळाही वाढतो. एका टप्प्यानंतर मंद झोताने वाचवलेलं इंधन हे आवरणच खाऊन टाकतं. शिवाय इंजिन पंखाखाली लटकत असल्यामुळे ते आणि जमीन यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. बोइंग ७३७चा आराखडा १९६०च्या दशकातला, जमिनीपासून कमी उंचीचा. त्यावर नवं, रुंद तोंडाचं इंजिन बसवण्यासाठी ७३७ मॅक्समध्ये ते पुढे आणि वर सरकवावं लागलं. त्यामुळे काही स्थितींत विमानाचं नाक वर उचललं जाण्याची प्रवृत्ती वाढली. ती आवरण्यासाठी एक स्वयंचलित यंत्रणा घातली गेली. आणि त्या यंत्रणेच्या चुकीच्या हस्तक्षेपातून ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९मध्ये दोन अपघात होऊन ३४६ माणसं मेली. या शोकांतिकेमागे अनेक निर्णय होते, पण साखळीची पहिली कडी हीच होती: जुन्या सांगाड्याला मोठा पंखा मावत नव्हता.

आवरण काढून टाकलं की उरतो तो प्रोपेलर, आणि काटकसरीत प्रोपेलर आधीपासूनच पुढे आहे. छोट्या शहरांना जोडणारं एटीआर ७२ तेवढ्याच क्षमतेच्या जेटपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत कमी इंधन घेतं, असा त्याच्या उत्पादकाचा दावा आहे. पण ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. जेट ८०० किलोमीटरच्या पुढे. या फरकामागचं कारण पात्याच्या टोकाशी आहे. फिरण्याचा वेग आणि विमानाचा वेग यांची बेरीज होऊन टोक ध्वनीच्या वेगापलीकडे जातं, आघातलहरी उठतात, कार्यक्षमता ढासळते आणि गोंगाट होतो. तरीही अशा वेगाने प्रोपेलर चालूच शकत नाही, हा समज खरा नाही. सोव्हिएत बनावटीचं टुपोलेव टीयू-१४२ हे भारतीय नौदलाचं टेहळणी विमान १९८८मध्ये गोव्याच्या दाबोळीला आलं, नंतर तमिळनाडूतल्या अरक्कोणमला गेलं आणि २०१७मध्ये निवृत्त झालं. प्रत्येक इंजिनावर उलटसुलट फिरणारे दोन प्रोपेलर लावलेलं हे विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकत होतं. ते जमत होतं, पण असा आवाज करणारं विमान कोणत्याही नागरी विमानतळाने रोज सहन केलं नसतं.

यावर तोडगा शोधायला भाग पाडलं ते १९७३च्या तेलसंकटाने. अमेरिकेच्या संसदेने विमानांचं इंधन वाचवण्याचं काम नासाकडे सोपवलं आणि क्लीव्हलंडच्या लुईस संशोधन केंद्रात प्रगत टर्बोप्रॉपचा प्रकल्प सुरू झाला. हॅमिल्टन स्टँडर्डचे कार्ल रोरबाक आणि नासाचे डॅनियल मिकलसन यांची कल्पना अशी होती की पाती पातळ करायची, संख्येने वाढवायची आणि त्यांना तलवारीसारखा मागे बाक द्यायचा. जेटचे पंख ज्या कारणासाठी मागे झुकलेले असतात, त्याच कारणासाठी हा बाक: आघातलहरी उशिरा उठाव्यात. जनरल इलेक्ट्रिकने यात पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या जीई ३६ इंजिनात मागच्या बाजूला उलटसुलट फिरणाऱ्या पात्यांच्या दोन रांगा होत्या आणि टर्बाइन त्यांना गिअरशिवाय थेट फिरवत होतं. ऑगस्ट १९८६मध्ये एका बोइंग ७२७ला लावून ते उडवलं गेलं, पुढच्या वर्षी एमडी-८०ला लावून. नासाच्या चमूला या कामासाठी १९८७चं कोलियर पारितोषिक मिळालं. बोइंगने अशा इंजिनांचं ७जे७ हे विमानही आखलं होतं.

आणि मग हे सगळं थांबलं. पाती तुटली नाहीत, गणितही चुकलं नाही. १९८६च्या पहिल्या काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव निम्म्याच्याही खाली आला आणि विमानकंपन्यांचा हिशेब बदलला. स्वस्त इंधन वाचवण्यासाठी नवं इंजिन, नवं विमान, नवी देखभालव्यवस्था कोण विकत घेणार? ७जे७ रद्द झालं. युक्रेनचं एएन-७० हे मालवाहू विमान १९९४मध्ये अशाच पात्यांवर उडालं, पण ते लष्करी कामापुरतं राहिलं. त्या प्रयोगांतलं एक फळ मात्र टिकलं: जीई ३६साठी विकसित केलेल्या कार्बन तंतूंच्या पात्यांचा अनुभव पुढे बोइंग ७७७च्या जीई ९० इंजिनात कामी आला. तंत्र तयार असूनही मागणी आटली की काय होतं, याचं विमानोद्योगात यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची साफ्रान यांच्या सीएफएम या संयुक्त कंपनीने जून २०२१मध्ये जाहीर केलेला राइज प्रकल्प याच बिंदूपासून पुढे निघतो. उद्दिष्ट आहे आजच्या इंजिनांपेक्षा २० टक्के कमी इंधन. पंख्याचा व्यास सुमारे १३ फूट, आवरण नाही, आणि वळशाच्या हवेचं प्रमाण तिसाच्याही पुढे. मुख्य बदल दुसऱ्या रांगेत आहे. जीई ३६मध्ये दोन्ही रांगा फिरायच्या. इथे फक्त पुढची फिरते आणि मागची पाती स्थिर राहून पुढच्या रांगेने दिलेली हवेची भोवरी सरळ करतात. त्यामुळे भोवरीत वाया जाणारी ऊर्जा वसूल होते आणि यंत्र सुटसुटीत राहतं. साफ्रानने २०१७मध्ये फ्रान्समधल्या इस्त्र इथे उलटसुलट फिरणाऱ्या रांगांच्या उघड्या इंजिनाची जमिनीवर चाचणी घेतली होती. राइजच्या पंख्याला एअरबस ए३८०वर बसवून उडवण्याची योजना २०२२मध्ये जाहीर झाली.

पहिला आक्षेप आवाजाचा, आणि तो रास्त आहे. दाट वस्तीने वेढलेल्या मुंबई विमानतळाचा विचार केला तर आवाजाचा प्रश्न गौण म्हणून सोडता येत नाही. उघड्या पंख्याचा बराचसा गोंगाट यायचा तो पुढच्या पात्यांनी सोडलेले भोवरे मागची फिरती पाती कापत जायची त्यातून. मागची रांग स्थिर केल्यामुळे तो संघर्ष पुष्कळ सौम्य होतो. पंखा मोठा आणि मंद असल्यामुळे टोकाचा वेगही कमी ठेवता येतो. शिवाय १९८०च्या दशकात पात्याचा आकार बदलून पाहायचा तर नवं पातं घडवून वायुबोगद्यात न्यावं लागे. आज ओक रिज प्रयोगशाळेच्या फ्रंटिअरसारख्या महासंगणकांवर पात्यामागचा प्रत्येक भोवरा मोजता येतो, आणि जनरल इलेक्ट्रिकने उघड्या पंख्यासाठी तेच केलं आहे. तरीही अंतिम निवाडा उड्डाणचाचणीनेच व्हायला हवा. आवाजाची आजची मर्यादा ओलांडणाऱ्या इंजिनाला इंधनबचतीच्या नावाखाली सूट देण्याचं काहीच कारण नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. आवरणातल्या इंजिनाचं पातं तुटलं तर ते आवरणाने आतच अडवावं, असा नियम आहे. उघड्या पंख्याला आवरणच नाही. पण आवरण म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. एप्रिल २०१८मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या बोइंग ७३७च्या इंजिनातलं पातं तुटलं, आवरणाचे तुकडे उडून खिडकी फुटली आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. प्रोपेलरच्या विमानांना नियामक गेली अनेक दशकं वेगळी कसोटी लावतात: तुटलेलं पातं अडवण्याऐवजी पातं सुटूच नये. उघड्या पंख्यालाही त्याच कसोटीला उतरावं लागेल, आणि पात्यांच्या रेषेत येणारा विमानाचा भाग मजबूत करावा लागेल. त्यामुळे वजन वाढेल, थोडी बचत हातची जाईल. म्हणूनच २० टक्के हा आकडा इंजिनाचा म्हणून वाचायचा. संपूर्ण विमानाचा हिशेब त्यावर या अडचणी आणि नव्या पंखांचे फायदे चढवूनच करावा लागेल. प्रोपेलर म्हणजे जुनाट, हळू विमान, हा प्रवाशांच्या मनातला समज त्यामानाने किरकोळ आहे: राइजचं लक्ष्य आजच्या जेटच्याच वेगाचं आहे.

तिसरा आक्षेप जास्त मूलगामी आहे. भविष्य बॅटरीचं किंवा हायड्रोजनचं असताना खनिज इंधन जाळणाऱ्या इंजिनात पैसा का ओतायचा? एक किलो विमान-इंधनात सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. चांगल्या लिथियम सेलमध्ये एका किलोला त्याच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास. विजेची मोटर टर्बाइनपेक्षा कितीतरी काटकसरी असली तरी ही दरी बुजत नाही, आणि इंधन जळून विमान हलकं होतं तशी बॅटरी हलकी होत नाही. म्हणून २०२०मध्ये युरोपीय प्रमाणपत्र मिळालेलं पहिलं विद्युत विमान, पिपिस्ट्रेलचं व्हेलिस, हे दोन आसनी प्रशिक्षण-विमान आहे. हायड्रोजन किलोमागे विमान-इंधनाच्या पावणेतीन पट ऊर्जा देतो, पण तो उणे २५३ अंशांवर द्रवरूपात ठेवूनही तेवढ्याच ऊर्जेसाठी चौपट जागा लागते. पंखांतल्या टाक्यांत तो मावत नाही. आख्खं विमान आणि आख्खा विमानतळ नव्याने बांधावा लागतो. आणखी एक मुद्दा या वादात विसरला जातो: ऊर्जा कुठूनही आली तरी शेवटी हवाच मागे फेकायची आहे. मोठा, मंद पंखा वीज असो, हायड्रोजन असो, सगळ्यांनाच उपयोगी पडणार आहे.

शाश्वत विमान-इंधनाच्या बाबतीत तर दोन्ही उपाय एकमेकांना पूरक आहेत. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७मध्ये १ टक्का, २०२८मध्ये २ टक्के आणि २०३०मध्ये ५ टक्के असं मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं आहे. वापरलेल्या तेलापासून किंवा शेतीच्या कचऱ्यापासून बनणारं हे इंधन साध्या इंधनाच्या दुपटीपासून कित्येक पटींपर्यंत महाग पडतं, आणि त्याचा कच्चा माल मर्यादित आहे. इंधन जितकं महाग, तितकं वाचवलेल्या प्रत्येक लिटरचं मोल मोठं. मर्यादित कच्च्या मालावर जास्त उड्डाणं करायची तर विमानांची भूकच कमी असायला हवी.

सगळ्यांत अवघड आक्षेप शेवटी घेतो. बचत झाली की तिकीट स्वस्त होतं, माणसं जास्त उडतात आणि एकूण इंधन पुन्हा वाढतं. इतिहास या आक्षेपाच्या बाजूने उभा आहे. प्रवाशामागे दर किलोमीटरला लागणारं इंधन गेल्या पाच दशकांत निम्म्याहून खाली आलं, पण एकूण उत्सर्जन वाढतच गेलं. मात्र यातून निष्कर्ष काटकसरी इंजिनाविरुद्ध निघत नाही. तो इंधनाच्या भावाबद्दलचा आहे. १९८६मध्ये पडलेल्या भावाने उघडा पंखा मारला, आणि स्वस्त भावच बचतीचा फायदा वाढत्या उड्डाणांत जिरवून टाकतो. दोन्हीकडचा दोष एकच. म्हणून नवं इंजिन आणि इंधनाची स्थिर, पर्यावरणाचा खर्च धरणारी किंमत ही जोडगोळी एकत्र यायला हवी.

आपल्याकडचं धोरण नेमकं उलट्या दिशेने जातं. विमानकंपन्या अडचणीत आल्या की इंधनावरचा कर कमी करण्याची मागणी होते. महाराष्ट्रानेही २०२३च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये हा कर २५वरून १८ टक्क्यांवर आणला. राज्याराज्यांतल्या करांची चढाओढ मिटवणं योग्यच आहे. पण भावाचं ओझं कमी करत राहण्याऐवजी तो कर निश्चित ठेवून त्यातला काही भाग काटकसरी विमानांच्या खरेदीकडे आणि शाश्वत इंधनाकडे वळवला तर दीर्घकाळ फायदा होईल. २०२३मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं आजच्याच इंजिनांची आहेत आणि त्यातली बरीच २०४०च्या दशकातही उडत असतील. तो निर्णय आता बदलणार नाही. त्यानंतरच्या पिढीचे आराखडे मात्र आत्ता, या दशकात ठरत आहेत. जगातल्या सर्वांत मोठ्या खरेदीदारांपैकी दोन कंपन्या भारतीय आहेत, जनरल इलेक्ट्रिकचे इंजिनभाग पुण्याजवळच्या चाकणमध्येही बनतात, आणि धूळ व उष्णतेत इंजिनं लवकर झिजण्याचा कडू अनुभव आपल्याइतका फार थोड्या देशांकडे आहे. उघड्या पंख्याला पाठिंबा देताना भारतीय खरेदीदारांनी आणि नियामकाने तीन गोष्टी लेखी मागितल्या पाहिजेत: धुळीतल्या दीर्घ चाचणीचे निकाल, वस्तीवरून उडतानाच्या आवाजाचे आकडे, आणि पातं सुटू नये यासाठीच्या कसोटीचे पुरावे. ही मागणी आराखडा गोठण्याआधी केली तर इंजिन आपल्या हवेला साजेसं बनेल; नंतर केली तर दुसऱ्यांच्या हवेसाठी बनलेलं यंत्र घेऊन पुन्हा दुरुस्तीच्या रांगेत उभं राहावं लागेल.